फिश टँकमधल्या माशाचा फोटो: प्रकाश वरून का हवा

घरात फिश टँक असलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये काही फोटो हमखास सापडतात. त्यांत मासा एखाद्या पुसट रंगीत पट्ट्यासारखा दिसतो, त्याच्या शेजारी फ्लॅशचा पांढरा गोळा उमटलेला असतो, आणि काचेत खोलीतली ट्यूबलाइट व फोटो काढणारी व्यक्ती माशापेक्षा स्पष्ट दिसत असते. असे फोटो पाहून पुष्कळ जण चांगला कॅमेरा घ्यावा लागेल अशा निष्कर्षाला येतात. मी स्वतः काही वर्षे घरच्या दोन फुटी टाकीसमोर बसून फोटो काढत आलो आहे आणि माझे मत वेगळे आहे. नवा कॅमेरा घेतल्याने यांतले थोडेच दोष जातात. प्रकाशाची जागा बदलल्याने मात्र बहुतेक सगळे जातात. प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूने न येता माशाच्या डोक्यावरून आला पाहिजे. असे का, हे समजून घेण्यासाठी काच, पाणी आणि मासा या तिन्हींचे प्रकाशाशी असलेले नाते थोडे सविस्तर पाहावे लागेल.

प्रथम काच. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के प्रकाश काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. काचेच्या आतल्या बाजूला पाणी असते, आणि काच व पाणी यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारे आकडे) एकमेकांना बरेच जवळचे असल्यामुळे (काचेचा सुमारे १.५२, पाण्याचा १.३३) तिथून अर्धा टक्कासुद्धा प्रकाश परतत नाही. त्यामुळे आपल्याला त्रास देणारे प्रतिबिंब जवळजवळ सगळे बाहेरच्या पृष्ठभागावर तयार होते आणि ते खोलीतल्या उजेडाचे असते. ४ टक्के हा आकडा लहान वाटतो, परंतु टाकीतला उजेड दिसतो त्यापेक्षा बराच मंद असतो. दुपारी उघड्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा ४ टक्के भागदेखील पानांच्या सावलीत फिरणाऱ्या माशाइतका उजळ ठरू शकतो, आणि मग फोटोत मासा व खिडकी एकमेकांत मिसळतात.

यावरचा उपाय फुकट आहे. फोटो रात्री काढावेत, खोलीतले सगळे दिवे, दूरदर्शन संच आणि मोबाइलचे पडदे बंद करावेत, आणि टाकीवरचा दिवा तेवढा चालू ठेवावा. खोलीत उजेडच नसेल तर काचेत दिसायला काही उरत नाही. तरीही टाकीतून बाहेर येणारा प्रकाश आपल्या कपड्यांवर व चेहऱ्यावर पडतोच, म्हणून गडद रंगाचा सदरा घालावा. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला अलगद टेकवला तर बाहेरचा प्रकाश लेन्सपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होते. हूड नसल्यास जाड काळ्या कापडाला लेन्सएवढे भोक पाडून ते कापड समोर धरले तरी चालते. पोलरायझर फिल्टर लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण इथे तो उपयोगी पडत नाही. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित होतो (म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत राहतात आणि फिल्टर ती अडवू शकतो) तो तिरका पडला तरच, आणि त्यासाठी सर्वांत अनुकूल असा कोन लंबापासून सुमारे ५६ अंशांचा असतो. आपल्याला मात्र काचेकडे सरळ समोरून पाहायचे आहे. सरळ दिशेने परतणारा प्रकाश ध्रुवित नसतो, त्यामुळे पोलरायझर प्रतिबिंब काढून टाकू शकत नाही. माशाकडून येणारा प्रकाश मात्र तो निम्म्याहून कमी करून टाकतो.

सरळ समोरूनच का पाहायचे, याचे उत्तर पाण्यात आहे. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. शाळेत आपण पेल्यात बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते हे पाहिलेले असते; ती हीच गोष्ट. काचेपासून २० सेंटीमीटर मागे असलेला मासा समोरून पाहताना १५ सेंटीमीटरवर असल्यासारखा भासतो. एवढ्याने फोटो बिघडत नाही, कारण लेन्स त्या भासमान जागेवर फोकस करते. बिघाड होतो तो तिरके पाहिल्यावर. तिरक्या किरणांमध्ये निळा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित जास्त वाकतो आणि माशाच्या कडांना एका बाजूला निळसर व दुसऱ्या बाजूला तांबूस किनार दिसू लागते. शिवाय एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत, त्यामुळे फोकस बरोबर असूनही खवल्यांचे तपशील पुसट राहतात. मासा जितका मागे असेल तितका हा दोष वाढतो. म्हणून कॅमेरा काचेला काटकोनात धरावा आणि मासा पुढच्या काचेपासून दहा-बारा सेंटीमीटरच्या आत येईल तेव्हाच बटण दाबावे. उजव्या कोपऱ्यातला मासा डावीकडून वाकून टिपण्यापेक्षा उठून उजवीकडे जावे.

याच कारणामुळे वाइड अँगल लेन्स इथे गैरसोयीची ठरते. कॅमेरा सरळ धरला तरी अशा लेन्समध्ये चौकटीच्या कडांचे किरण तिरकेच आलेले असतात. ६० ते १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी) लेन्स हाती असेल तर ती सर्वोत्तम. फोनमध्ये एकाहून अधिक लेन्स असतील तर मुख्य लेन्सऐवजी दोन-तीन पट जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स निवडून थोडे मागे सरकावे. गोल काचेच्या भांड्यात ठेवलेल्या माशाचा निर्दोष फोटो जवळजवळ अशक्य असतो, कारण तिथे काटकोन फक्त एका छोट्याशा भागातच साधता येतो (आणि माशाच्या प्रकृतीसाठीही ते भांडे लहानच पडते). सार्वजनिक मत्स्यालयांतल्या वक्र ॲक्रिलिकचीही हीच अडचण आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा तिथला ॲक्रिलिकचा बोगदा प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होता. अशा बोगद्यात चालताना मिळणारा आनंद निराळाच असतो, पण माशाचा फोटो हवा असेल तर सपाट काचेच्या टाक्यांकडे वळावे.

आता मासा. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि फोटोग्राफीच्या सर्वसाधारण सल्ल्यांमध्ये नेमका तोच सुटतो. पुष्कळ माशांच्या अंगाची चंदेरी चमक रंगद्रव्याची नसते. त्यांच्या त्वचेत आणि खवल्यांखाली ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि ते आरशासारखे काम करतात. नदीत किंवा समुद्रात उजेड वरून येतो. अशा वेळी माशाच्या कुशीवरचे हे उभे आरसे आजूबाजूच्या पाण्याचाच उजेड परावर्तित करतात आणि बाजूने पाहणाऱ्या शिकारी माशाला समोर जणू पाणीच आहे असे वाटते. मासा लपतो तो या आरशांमुळे.

आता कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश उडाला म्हणजे काय होते ते पाहा. समोर उभा आरसा आहे आणि आपण त्याच्यावर समोरून झोत टाकत आहोत. झोत सरळ परत येतो. एंजलफिशची कूस पांढरीफटक होते, तिच्यावरचे पट्टे नाहीसे होतात आणि शेजारी काचेवर फ्लॅशचे स्वतःचे प्रतिबिंब उमटते. फ्लॅशची तीव्रता कमी केल्याने हा दोष जात नाही, कारण दोष दिशेचा आहे. तोच फ्लॅश टाकीच्या वर नेऊन खाली तोंड करून ठेवला तर आरशांवर पडलेला प्रकाश खालच्या दिशेला निघून जातो, कॅमेऱ्याकडे येत नाही, आणि कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो तो खवल्यांच्या कडांवरून व रंगद्रव्यांवरून विखुरलेला मऊ प्रकाश. खवले एकेक करून मोजता येतील इतके वेगळे दिसतात. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर प्रकाश पडतच नसल्यामुळे प्रतिबिंबाचा प्रश्नही त्याच वेळी सुटतो. आणि निसर्गातही मासा वरून उजळलेला असतो, त्यामुळे पाठ उजळ व पोट किंचित सावलीत असलेला फोटो आपल्या डोळ्यांना आपोआप खरा वाटतो.

निऑन टेट्राचा निळा पट्टा हे याचे सुंदर उदाहरण आहे. त्या पट्ट्यात निळे रंगद्रव्य नाही. ग्वानिनच्या थरांमधल्या अंतरामुळे ठरावीक रंगाचाच प्रकाश परत फिरतो आणि तो आपल्याला निळा दिसतो. त्यामुळे प्रकाशाचा आणि पाहण्याचा कोन बदलला की पट्ट्याचा रंग निळ्यापासून हिरवटाकडे सरकतो. एवढेच नव्हे, अंधारात हे थर आपसांतले अंतर बदलतात आणि पट्टा जांभळट व फिका होतो. दिवा लावल्या लावल्या काढलेल्या फोटोत निऑन निस्तेज दिसतो तो यामुळेच. टाकीचा दिवा लावून किमान अर्धा तास थांबावे, असे मी माझ्यापुरते ठरवून घेतले आहे.

दिशेनंतर प्रश्न येतो प्रकाशाच्या प्रमाणाचा, आणि इथे थोडे गणित मांडल्याशिवाय गोष्ट स्पष्ट होत नाही. समजा, मासा ४ सेंटीमीटरचा आहे आणि तो चौकटीची निम्म्याहून थोडी कमी रुंदी व्यापतो. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला सुमारे ६५ पिक्सेल वाट्याला येतात. मासा सेकंदाला स्वतःच्या लांबीइतका, म्हणजे ४ सेंटीमीटर सरकत असेल, तर त्याचे पोहणे अगदी आरामाचे म्हणावे लागेल. झेब्रा डॅनियोसारखा चपळ मासा याच्या कितीतरी पट वेगाने जातो. तरी त्या आरामाच्या गतीतही १/६० सेकंदाच्या शटरमध्ये (म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ प्रकाश घेत असताना) तो ०.६७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत चाळीसहून अधिक पिक्सेलचे फराटे उमटतात. १/२५० सेकंदाला ते दहा-अकरा पिक्सेलवर येतात आणि १/१००० सेकंदाला तीनाच्या आत. म्हणून १/२५० ही मी खालची मर्यादा मानतो, आणि तीसुद्धा मासा स्थिर असताना.

दुसरीकडे फोकसची खोली आहे. इतक्या जवळून फोटो काढताना माशाच्या अंगाचा किती भाग स्पष्ट येईल हे अ‍ॅपर्चरवर अवलंबून असते; अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, आणि एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागाच्या) कॅमेऱ्यात, वर सांगितलेल्या आकाराच्या माशासाठी, एफ/२.८ ला पाण्यात जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट राहतो. एवढ्यात डोळा साधला तर छातीचा पर सुटतो. एफ/११ ला हा थर सुमारे १२ मिलिमीटर होतो आणि बाजूने दिसणारा लहान मासा त्यात पुरता मावतो. परंतु एफ/२.८ वरून एफ/११ वर जाताना लेन्समधून येणारा प्रकाश १६ पटींनी घटतो, आणि शटर १/६० वरून १/२५० वर नेताना तो आणखी चौपट घटतो. म्हणजे पुसट फोटोकडून स्पष्ट फोटोकडे जाण्यासाठी एकूण ६४ पट प्रकाश जास्त लागतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वरून ६४०० वर नेऊन हा खड्डा कागदोपत्री भरून निघतो, पण खवल्यांची नाजूक नक्षी त्या दाणेदारपणात हरवते. टाकीवरच्या नेहमीच्या एलईडी पट्टीच्या उजेडात माशांचे फोटो निराशाजनक येतात याचे कारण हे ६४ पटींचे अंतर आहे. आपला डोळा अंधुक उजेडाशी सहज जुळवून घेतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.

फ्लॅश हे अंतर एका झटक्यात पार करतो, कारण तो प्रकाश भरपूर देतो आणि अतिशय थोडा वेळ देतो. अतिजलद हालचाल विजेच्या लखलखाटाने गोठवण्याचे तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विकसित केले आणि आजचा साधा फ्लॅशही त्याच तत्त्वावर चालतो. पूर्ण ताकदीने उडणाऱ्या साध्या फ्लॅशचा लखलखाट १/१००० सेकंदाच्या आसपास टिकतो. ताकद कमी केली की प्रकाशाची तीव्रता फारशी न बदलता त्याचा कालावधीच आखडतो आणि तो १/१०००० सेकंदाच्याही खाली जाऊ शकतो. खोली अंधारी असेल तर हालचाल शटर थांबवत नाही, लखलखाट थांबवतो. म्हणून शटर कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेवर, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० वर ठेवावे, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ २०० ते ४००, आणि फ्लॅश एक चतुर्थांश ताकदीपासून सुरुवात करून फोटो पाहत पाहत कमी-जास्त करावा. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा उडवण्यासाठी रेडिओ ट्रिगर लागतो. माझ्या मते महागड्या लेन्सच्या आधी खर्च करायचा तो यावर.

फ्लॅश टाकीच्या वर ठेवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली सुरक्षिततेची आहे. पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर विजेचे कोणतेही उपकरण टांगू नये. टाकीवर काचेचे झाकण घालावे, ते आतून-बाहेरून पुसून घ्यावे आणि फ्लॅश त्यावर खाली घसरणार नाही असा ठेवावा किंवा बाजूच्या भक्कम स्टँडला बांधावा. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप यांचे प्लग काढावेत, हे एरवीही पाळायला हवे. दुसरी गोष्ट प्रकाशाच्या मऊपणाची. उघड्या फ्लॅशचा प्रकाश हलत्या पाण्यातून जाताना प्रत्येक लहर भिंगासारखी वागते आणि माशाच्या पाठीवर उजळ रेघांची जाळी पडते. झाकणावर बटर पेपर किंवा पांढरे पातळ कापड पसरले की ही जाळी विरते. टाकीच्या तळाशी फिकट रंगाची वाळू असेल तर ती थोडा प्रकाश वर परतवून माशाच्या पोटाची सावली हलकी करते. काळी रेती असल्यास चौकटीच्या बाहेर, तळाशी किंवा बाजूच्या काचेला लागून, पांढरा ॲक्रिलिकचा तुकडा उभा केला तरी तेच साधते.

फ्लॅशमुळे माशांचे डोळे खराब होतात का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. माशांना पापण्या नसतात, आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी उजेडात आकसतही नाही. त्यामुळे गर्द अंधारात अचानक लखलखाट झाला तर मासे दचकतात, काही उसळून झाकणावर किंवा काचेवर आपटतात. टाकीचा दिवा आधीपासून चालू असेल, फ्लॅश वर असेल आणि त्याच्यावर कागद असेल, तर बहुतेक मासे दोन-चार लखलखाटांनंतर तिकडे लक्ष देईनासे होतात. जो मासा दर वेळी दचकतो त्याच्यासाठी फ्लॅश बंद करावा. सार्वजनिक मत्स्यालयात फ्लॅशला मनाई असेल तर ती मनापासून पाळावी, कारण तिथे एका दिवसात हजारो लोक त्याच माशासमोर येऊन उभे राहतात.

फ्लॅश नसेल तरी तत्त्व तेच राहते. फक्त प्रकाश सतत पेटता असतो. घरात असलेली एलईडीची बॅटन किंवा टेबलावरचा दिवा झाकणावर, बटर पेपरच्या आड ठेवून उजेड दुप्पट-तिप्पट करावा, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत जाऊ द्यावा आणि झेब्राऐवजी गोगलगाय, कोळंबी, तळाशी विसावणारा कोरिडोरास किंवा पर पसरून जागच्या जागी तरंगणारा फायटर अशा संथ प्राण्यांपासून सुरुवात करावी. काही एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात, विशेषतः ते कंट्रोलरने मंद केलेले असतील तेव्हा. जलद शटरमध्ये याचे फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. दिवा पूर्ण तेजावर आणला की बहुधा पट्टे जातात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर थेट चालणारे स्वस्त दिवे मात्र सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि त्यांच्या उजेडात १/१०० पेक्षा जलद शटर वापरता येत नाही. अशा वेळी दिवा बदलणे हाच मार्ग आहे.

फोनने फोटो काढणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना देतो. फोनच्या पाठीवरचा दिवा लेन्सला चिकटूनच असल्यामुळे तो कधीही लावू नये. कमी उजेडात फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो. स्थिर इमारतीसाठी हे वरदान आहे, पण माशाच्या बाबतीत त्या बेरजेतून दुहेरी शेपटी किंवा विरघळलेले पर दिसू लागतात. म्हणून नाइट मोड बंद करावा, फोनचा काठ काचेला टेकवून हात स्थिर करावा, माशावर बोट दाबून धरून फोकस व उजेड कुलूपबंद करावा, उजेड थोडा खाली ओढावा आणि सलग फोटो घ्यावेत. वरून भरपूर उजेड दिलेल्या टाकीत आजचा मध्यम किमतीचा फोनही समाधान देणारा फोटो काढतो.

टाकीची तयारी एक दिवस आधीपासून करावी. पाणी बदलल्या दिवशी काचेवर आणि पानांवर बारीक बुडबुडे चिकटलेले असतात, म्हणून पाणी आदल्या दिवशी बदलावे. पाण्यात लाकूड असेल आणि पाणी चहासारखे पिवळट झाले असेल, तर फिल्टरमध्ये काही दिवस ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवला की ते निवळते. काचेचे शेवाळ आतून चुंबकाच्या ब्रशने काढावे. बाहेरून काच साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावी. काच पुसण्याचे फवारे टाकीजवळ मारू नयेत, कारण त्यांतल्या अनेकांत अमोनिया असतो आणि तो माशांना घातक आहे. वरून येणारा प्रकाश पाण्यातला प्रत्येक कण उजळवतो, त्यामुळे फोटोच्या आधी खाणे घालू नये आणि तळ ढवळू नये. फोटो काढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फिल्टर बंद केला की बरेचसे कण खाली बसतात आणि पाण्याचा पृष्ठभागही शांत होतो. थर्मामीटर, हीटर आणि नळ्या चौकटीतून दूर सारणे हे त्यामानाने सोपे काम, पण फोटो मोठ्या पडद्यावर पाहीपर्यंत ते हटकून राहून जाते.

एवढी तयारी झाल्यावर माशाकडे पाहत बसावे. मी कॅमेरा हाती न घेता पहिली दहा मिनिटे नुसता बसतो. मासे समोरच्या माणसाला सरावतात, आणि त्यांचे येण्याजाण्याचे मार्ग लक्षात येतात. एंजलफिश एखाद्या मुळीच्या भोवती घिरट्या घालतो, फायटर ठरावीक पानापाशी परत परत येतो, निऑनचा थवा एका टोकाला पोहोचला की क्षणभर थांबून वळतो. त्या वळणावर गती सर्वांत कमी असते. माशाच्या मागे कॅमेरा फिरवत राहिल्याने फोकस सतत हुकतो. त्याऐवजी अशी एक जागा निवडून, तिथल्या पानावर फोकस स्थिर करून मासा येण्याची वाट पाहावी. फोकस डोळ्यावरच हवा. शेपटी पुसट असली तरी फोटो चालून जातो. डोळा पुसट असेल तर बाकी सगळे स्पष्ट असूनही चालत नाही. मासा पूर्ण बाजूने किंवा किंचित आपल्याकडे वळलेला असावा, पाठीचा पर उभारलेला असावा आणि शेपटी पसरलेली असावी.

पर मिटलेला, रंग उतरलेला, कोपऱ्यात बसून राहिलेला मासा घाबरलेला किंवा आजारी असतो आणि कोणत्याही प्रकाशाने त्याचा फोटो चांगला येत नाही. कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या दुकानातून पिशवीत आणलेला मासा पहिल्या दिवशी फिकाच दिसणार. त्याला आठवडाभर द्यावा. फायटरने कल्ले फुलवावेत म्हणून त्याच्यासमोर आरसा धरतात. अर्ध्या मिनिटात फोटो मिळाला नाही तर आरसा बाजूला घ्यावा, कारण तो मासा आरशातल्या माशाला खरा शत्रू समजून लढायला उभा राहिलेला असतो. काचेवर टिचक्या मारणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे.

पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या माशांसाठी कॅमेरा पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली न्यावा. पाण्याखालून साधारण ४९ अंशांपेक्षा तिरके पाहिल्यास पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण आरसा बनतो, आणि गप्पीच्या डोक्यावर दुसरा उलटा गप्पी दिसू लागतो. फिल्टर बंद असेल तर हे प्रतिबिंब इतके स्वच्छ असते की त्या एका दृश्यासाठी अर्धी संध्याकाळ घालवायला हरकत नाही.

माशाची जात ओळखण्यासाठी फोटो हवा असेल तर पद्धत वेगळी आहे. मत्स्यशास्त्रात माशाचे तोंड डावीकडे, म्हणजे त्याची डावी कूस आपल्याकडे असलेला फोटो घेण्याचा प्रघात आहे, कारण त्यामुळे वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना सोपी होते. त्यासाठी पाच-सात सेंटीमीटर खोलीची अरुंद काचपेटी वापरतात. तिच्यात मूळ टाकीचेच पाणी भरून, मासा अलगद सोडून, आत एक काच सरकवून त्याला पुढच्या काचेजवळ आणले जाते. मासा वळू शकतो, पण दूर जाऊ शकत नाही. इतक्या थोड्या पाण्यात त्याला काही मिनिटांहून अधिक काळ ठेवू नये.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळे असतात आणि त्यांच्यावरचे दिवे गडद निळे असतात. अशा उजेडात फोन सगळा फोटो निळा करून टाकतो, कारण त्याच्या रंगसंतुलनाची मजल तितकी लांब जात नाही. लेन्ससमोर नारिंगी किंवा पिवळा फिल्टर धरावा, किंवा दिव्यातला पांढरा प्रकाश तेवढा वेळ वाढवावा.

कॅमेऱ्याचे प्रकाशमापन दोन टोकाच्या माशांना फसते. काळ्या पार्श्वभूमीपुढचा चंदेरी मासा असेल तर कॅमेरा सगळी चौकट उजळवू पाहतो आणि माशाचे खवले पांढरे पडतात. तिथे उजेड एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावा. ब्लॅक मॉलीचा फोटो चौकट भरून घेतला तर तो राखाडी दिसतो. तिथेही उजेड कमीच करायचा, पण प्रकाश वरून किंचित मागच्या बाजूने द्यायचा, म्हणजे मखमली काळ्या अंगावर खवल्यांच्या कडा उठून दिसतात. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घेतले असतील तर रंगांचे संतुलन नंतर बिनदिक्कत बदलता येते. पाण्यातले पांढरे ठिपके पुसायला माझी हरकत नाही. रंगांची गडदता मात्र मी वाढवत नाही, कारण फोटोतला लाल पाहून कोणी तो मासा विकत आणला आणि तो तसा निघाला नाही, तर ती फसवणूकच ठरते. दोनशे फोटोंतून तीन-चार ठेवण्याजोगे निघाले तर संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी समजतो.

फोटो पाहण्याच्या उत्सुकतेत एक गोष्ट विसरण्याचा धोका असतो. बंद केलेला फिल्टर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा सुरू करावा. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करत असतात, आणि त्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू सतत लागतो. झाकणावरचा फ्लॅश आणि कागद काढून घ्यावा, हीटरचा प्लग पुन्हा लावावा, पाणी वाहू लागले आहे याची खात्री करावी, आणि दिवसभर थांबवून ठेवलेले खाणे माशांना घालावे.